पहिलं अंडं कळवा

आमच्या फ्रीसलँड प्रांतात माणूस बायकोला खरा पगार सांगेल, डॉक्टरला पोटातलं सांगेल, पण टिटवीचं अंडं कुठल्या शेतात मिळतं हे कुणालाही सांगणार नाही. मार्च लागला की सगळे म्हातारे लांब काठी घेऊन, ती टेकत पाण्याच्या चरांवरून उड्या मारत हिंडतात. वर्षातलं पहिलं अंडं ज्याला दिसलं तो वर्षभर राजा. हल्ली ते उचलायचं नसतं. नुसतं बघायचं आणि सगळ्यांच्या आधी पक्षीमंडळाला कळवायचं.

माझा शेजारी गोस्से लहानपणापासून शोधतोय. एकदाही पहिला आला नव्हता. दुसरा मात्र इतक्यांदा आला होता की पहिला कोण हे कुणी विचारतही नसे. पहिला आमच्याच गावचा वीब्रेन असायचा. आणि यंदाच्या उन्हाळ्यात गोस्सेचा गुडघा काढून नवा बसवायचा होता. त्यानंतर चरांवरच्या उड्या बंद.

त्या सकाळी तो बूट न काढता माझ्या स्वयंपाकघरात शिरला. फरशीवर निळसर चिखलाचे ठसे.

"लीउवे, कॉम्प्युटर."

"कोण गेलं रे?"

"कुणी नाही. दार लाव. पडदा ओढ."

मी पडदा ओढला. तो कानाशी येऊन कुजबुजला, "एकच आहे. ऊब आहे त्याला. हात नाही लावला, नुसता गाल जवळ नेला."

आमच्या वाऱ्यात मेंढ्यांना कान दुमडून झोपावं लागतं, तिथे याचा गाल अंड्याची ऊब ओळखतो! पण त्याचा आवाज असा काही थरथरत होता की मला थट्टा सुचली नाही.

पूर्वी फोन करून अंडं कळवता येई. थट्टेखोरांनी मंडळाला इतके फोन केले, (त्यातले थोडेच माझे), की त्यांनी तो प्रकारच बंद केला. आता मंडळाचं पान उघडायचं आणि 'पहिलं अंडं कळवा' हे हिरवं बटण दाबायचं. मग मेलचा प्रोग्राम आपोआप उघडतो, त्यात मंडळाचा पत्ता आधीच असतो, आपण नाव आणि शेत लिहून पाठवायचं.

मी बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. एक पांढरी चौकट लुकलुकली आणि विझली.

"काय म्हणाली ती?" गोस्सेने विचारलं.

"या कामासाठी कुठलाही प्रोग्राम नेमलेला नाही म्हणाली."

"मग नेम ना लेका!"

मेलचा प्रोग्राम तर समोर उघडा होता. कॅनडातल्या बहिणीची पत्रं त्यात बिनदिक्कत येत होती. ब्राउझरही ठणठणीत. फक्त एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. बांधावरून भांडलेल्या भावांसारखे शेजारी शेजारी बसले होते, आणि मंडळाचा पत्ता एकाच्या पोटात अडकला होता. पानावर तो कुठेच लिहिलेला नव्हता.

गोस्से पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होता. "आला," तो म्हणाला.

बांधापलीकडे वीब्रेनची काठी उभी राहिली, आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. चरामागून चर. माणूस दिसत नव्हता, नुसती काठी जवळ येत होती.

"तिकडेच चाललाय का?" मी विचारलं.

"कुठे ते तुला कशाला? दाब!"

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्याने नेमकी तीच वेळ साधून स्वतःला सुधारायला घेतलं. स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला. गोस्सेच्या कपाळावर घाम. काठी आणखी एक चर ओलांडून आली. पुन्हा पान उघडलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच चौकट.

"हा नवा ब्राउझर तुला घातला कोणी?"

गेल्या आठवड्यात तो वीब्रेननेच घातला होता. गावात कॉम्प्युटर कळतो तो त्यालाच.

"बोलावतो त्याला," मी म्हणालो. "बहिणीला पत्र जात नाही म्हणून सांगतो. तो इथे बसला म्हणजे शेतात नसेल. तू फक्त तोंड बंद ठेव."

मी दारातून हाक मारली. कॉम्प्युटर बिघडलाय म्हटल्यावर वीब्रेन जेवणावरूनही उठून येतो. काठी भिंतीला टेकवून आत आला, खुर्चीत बसला आणि स्क्रीनकडे बघतच राहिला. ते पान मिटायचं मी विसरलो होतो.

"बहिणीला अंडं कळवतोयस?" तो म्हणाला.

त्याची नजर हळूहळू गोस्सेच्या बुटांवर गेली आणि तिथेच थांबली. आमच्याकडे चिखल बघून शेत सांगणारी माणसं आहेत, आणि वीब्रेन त्यांचा बाप.

त्याने कुठेतरी जाऊन एक यादी उघडली, त्यात मेलचा प्रोग्राम निवडला, हिरवं बटण दाबलं. कोरं पत्र टपकन उघडलं. मी तासभर झगडत होतो, त्याने माझी कॉफी ओतून होईपर्यंत संपवलं.

"ऊठ आता," गोस्से म्हणाला.

"उठतो की, पण हे बटण होतं तसं बिघडवून. माझं घर इथून दोन चर पलीकडे, आणि माझं बटण चालतं. वाटेत निळ्या चिखलाच्या चार-पाच शेतांत डोकावतो. चालेल?" वीब्रेनने बोटं कडाकड मोडली. "नाहीतर बसतो आणि तुझ्या नावाने मीच लिहितो. पहिला मान तुझा. तू फक्त शेत सांग."

गोस्से पांढराफटक पडला. ते शेत त्याला त्याच्या बापाने दाखवलं होतं, आणि बापाने सख्ख्या भावाला मरेपर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मान मिळेल आणि शेत जाईल. नाही सांगितलं तर दोन्ही जातील. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. माझं घड्याळ कैक वर्षं बंद आहे, पण त्या दिवशी येत होती.

"लीउवेचं शेत," गोस्से म्हणाला. "मागचं. मेंढ्यांचं."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"आणि हा चिखल?" वीब्रेनने विचारलं.

"वाटेतला."

वीब्रेनने लिहिलं, पाठवलं. लगेच उत्तर आलं: तुमची खबर पहिली, तपासनीस निघाल्या आहेत, शेत आणि खबर जुळली नाही तर नाव कायमचं कटेल.

अंगणात गोस्सेने माझा दंड धरला. "खोटं सांगितलं रे. वाटलं, तपासनीस बाईंना एकटं गाठून खऱ्या शेतात नेईन."

"मग ने की!"

"हा येतोय ना बरोबर."

वीब्रेन दारात उभा होता. "येतोच मी. पहिलं अंडं रोज थोडंच बघायला मिळतं?"

मंडळाच्या तपासनीस टेट्स्के बाई मोटारीतून उतरल्या, रबरी बूट चढवले आणि म्हणाल्या, "दाखवा, गोस्से."

माझ्या त्या शेतात मेंढ्या इतक्या नाचतात की गवतसुद्धा जीव मुठीत धरून उगवतं. तिथे टिटवी बसलेली माझ्या बापानेही पाहिली नव्हती. गोस्से लंगडत पुढे, बाई मागे, त्यांच्या मागे वीब्रेन, दोन्ही हात पाठीशी बांधून. गोस्से कुंपणाच्या कडेने गेला, वळला, मधोमध गेला, परत वळला.

"विसरलात का?" बाईंनी विचारलं.

"वारा फिरलाय," गोस्से म्हणाला. या उत्तराला काही अर्थ नव्हता. बाईंनी वही बाहेर काढली. गोस्से थांबला, टोपी काढली, आणि तोंड उघडलं. तो कबूल करणार हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

तेवढ्यात त्याच्या बुटापासून हातभरावर तुरेवाली टिटवी किंचाळत उडाली.

बाई खाली वाकल्या. मेंढीच्या खुराने पडलेला एक खळगा, चार काड्या, आणि एक ठिपक्यांचं अंडं. सकाळी ते तिथे नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आम्ही बटणाशी झगडत होतो तेव्हा घातलं असेल तिने.

"अभिनंदन," टेट्स्के बाई म्हणाल्या.

गोस्से त्या अंड्याकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. त्याचं स्वतःचं अंडं, पहाटे गाल जवळ नेलेलं, कुठेतरी निळ्या चिखलात पडून होतं, आणि त्याबद्दल आता त्याला कुणाशी एक शब्द बोलता येणार नव्हता.

सत्काराला महापौर आले, गुलाबी थराचा केक आला. वार्ताहराने विचारलं, "मेंढ्यांच्या शेतात अंडं असेल हे ओळखलंत कसं?"

"नुसतं बघून," गोस्से म्हणाला. वीब्रेनला केकचा ठसका लागला. पण त्याने टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत शेवटी थांबवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोस्से काठी घेऊन माझ्या कुंपणाशी दिसला. तो आपल्या खऱ्या अंड्याकडे निघालाय हे मला कळलं.

"गोस्से," मी म्हणालो, "आता तरी सांग. खरं शेत कुठलं?"

त्याने काठी मेंढ्यांकडे रोखली. मग म्हणाला, "लीउवे, तुझी ती काळ्या तोंडाची मेंढी लंगडतेय बघ."

आणि मी बघतोय म्हणून तो मुद्दाम गावाच्या दिशेने चालू लागला.