लाल मणी

"हात घाल, एक मणी काढ. पांढरा निघाला तर सुटलीस, लाल निघाला तर झडती!" कारखान्याच्या फाटकाशी झडतीवाली बाई ओरडत होती. तिचं डोकं सकाळपासून भणभणलं होतं.

सहा वर्षं कोणाला थांबवायचं, कोणाला केस सोडायला लावायचे, हे तिची नजर ठरवायची. आज सुपरवायझरने ही मण्यांची पिशवी हातात दिली. म्हणे, तू पुलापलीकडच्याच बायकांना थांबवतेस, आणि दोऱ्याची रिळं जायची ती जातातच. ऑर्डरी घटल्यात, सगळ्यांना अर्धाच दिवस काम आहे. महिनाअखेर चोर सापडला नाही, तर तूही घरी बस.

मी भेदभाव करते? मी? तिचा संताप संताप झाला. त्या बायकांच्या घरात खडखडाट, नियत फिरायला कितीसा वेळ लागतो? गेल्याच महिन्यात तिकडच्या एका पोरीच्या खिशात रीळ सापडलं नव्हतं का? "चुकून राहिलं, मावशी," म्हणे! बाई तिच्या तोंडावर हसली होती. पोरीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

रांगेतून बाईची शेजारीण पुढे आली. दुपारचा डबा दोघी रोज एकत्र खायच्या. तिने पिशवीत हात घातला आणि लाल मणी निघाला.

"आता माझी झडती घेणार होय गं?"

"नियमच आहे ना मेला. उघड डबा, म्हणजे सुटलो दोघी."

शेजारीण डबा उघडेना. शेवटी बाईनेच झाकण ओढलं. आत सहा रिळं होती.

"चुकून राहिली गं," शेजारीण पुटपुटली. "अर्ध्या पगारात कसं भागवते, तुला काय सांगायचं..."

"असेल गं, असेल," बाई बोलून गेली. तिला ते खरंही वाटलं. आणि मग तिला ती पुलापलीकडची पोर आठवली. त्या पोरीचं तर एकच रीळ होतं.

"झाक ना डबा. पाया पडते तुझ्या," शेजारणीने तिचा हात घट्ट धरला.

बाईने हात सोडवला आणि घंटा वाजवली. सुपरवायझर शेजारणीला आत घेऊन गेला, तेव्हा वर बघायची तिची हिंमत झाली नाही.

"पुढची," ती कशीबशी म्हणाली.

पुढची पुलापलीकडची होती. तिने मणी काढून टेबलावर ठेवला. पांढरा होता.

"जा तू," बाई म्हणाली.

ती गेली नाही. मण्याकडे न बघताच तिने आपली पिशवी उघडून ठेवली, केस सोडले आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.