चारुदत्तच्या तीन टाळ्या

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे हं! एके काळी अख्खी अमेरिका माझ्यावर नाचली आहे. माझं गाणं 'ओ माय जेली-जेली'. लांबी दोन मिनिटं वीस सेकंद, आणि अर्थ? शून्य! पण एकदा कानात शिरलं की दिवसभर बाहेर पडायचं नाव नाही.

१९६९ साली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, एका छोट्या स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं. माझ्या लेबलवर एका बँडचं नाव छापलंय. गंमत सांगू? असा बँडच नव्हता! पैसे देऊन बोलावलेले गायक होते, आणि टाळ्या वाजवायला हाताशी सापडेल तो. त्या दिवशी चारुदत्त सापडला. पुण्याहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला, तिथे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत बसला होता. धृपद संपलं की सगळ्यांनी एकदम थांबायचं ठरलं. सगळे थांबले. पण हा लहानपणापासून आरतीत टाळ्या वाजवलेला गडी! मध्येच थांबायची त्याला सवयच नाही. त्या शांततेत त्याच्या एकट्याच्या तीन टाळ्या वाजल्या. बिचारा केवढा ओशाळला! निर्माता मात्र खुर्चीतून उडालाच.

"डोन्ट टच इट!" तो ओरडला.

आणि काय सांगू तुम्हाला, त्या तीन टाळ्यांनीच गाणं गाजलं! रेडिओवर दर तासाला मी! शाळेच्या बसमध्ये पोरं नेमक्या त्या जागी टाळ्या पिटायची. माझ्या लाखो बहिणी विकल्या गेल्या. मी चारुदत्तकडे आले. त्याचं नाव मात्र कुठेच छापलं नाही.

पुढे प्लेअर मोडला आणि मी कोलंबसजवळच्या डब्लिन गावात, त्याच्या घराच्या बेसमेंटमधल्या खोक्यात पडले. तीस वर्षं! "त्या टाळ्या माझ्या आहेत," असं चारुदत्त येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि सगळे हसायचे. त्याची बायको नीला तर म्हणायची, "पुरे झालं तुमचं जेली पुराण!" मला इतका राग यायचा!

गेल्या महिन्यात त्याला ऐंशी वर्षं झाली. मुलाने, निहारने, भेट म्हणून फ्रेम आणली. मला गोंद लावून तीत चिकटवणार होते! चिकटवलेली रेकॉर्ड पुन्हा वाजत नाही हो.

"आधी एकदा वाजव रे," चारुदत्त म्हणाला.

"बाबा, गाणं फोनवर आहे ना!"

"फोनवरच्या गाण्यात कंपनीने बाकीचे आवाज पुसून टाकलेत. मला हीच ऐकायचीय."

"वेट, डॅड!" नात अनिका ओरडली. "लायब्ररीत प्लेअर मिळतो!" आणि ती खरंच घेऊन आली.

सुई टेकली. माझ्या अंगावर शहारा आला! गाणं सुरू झालं, धृपद संपलं, शांतता, तीन टाळ्या. आणि लगेच मागून, अगदी हळू, आजवर घरात कुणी कान देऊन न ऐकलेला एक ओशाळलेला आवाज आला, "अरेच्चा!"

"आबा!" अनिका किंचाळली. "दॅट्स यू! अमेरिकेत अरेच्चा दुसरं कोण म्हणणार?"

निहारने गोंदाची बाटली कपाटात ठेवून दिली. नीलाने डोळे पुसले. "इतकी वर्षं तुमची थट्टा केली हो मी," ती म्हणाली. चारुदत्त नुसताच हसत होता.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर हसण्याआधी एकदा नीट ऐका. आणि आम्हाला भिंतीवर टांगू नका. चरे पडले तर पडू देत, पण वाजवा!