कापणारी आणि उचलणारी

त्या घरात कुठलीही गोष्ट वाटायची एकच पद्धत होती. एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. आईने हा नियम केला तेव्हा दोघी मुली एवढ्याएवढ्या होत्या आणि पावाच्या तुकड्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. धाकटीच्या हातात सुरी द्यायची सोय नव्हती, म्हणून थोरली कापायला लागली आणि धाकटी उचलायला. पुढे धाकटीही सुरी धरण्याएवढी झाली, पण कामांची अदलाबदल काही झाली नाही. केक असो, टरबूज असो, नाहीतर कपाटातले कप्पे असोत, थोरलीने दोन भाग करायचे आणि धाकटीने हात पुढे करायचा.

यात अन्याय कुठे आहे, असं कुणीही विचारेल. नाहीच आहे. थोरलीलाही ते पटायचं आणि तरी तिच्या पोटात दुखायचं. आपण मान खाली घालून मापं काढायची आणि हिने महाराणीसारखं निवडायचं! बरं, हिशोबाला बसलं तर थोरलीला जो भाग हवा असायचा तोच बहुतेक वेळा तिच्या वाट्याला यायचा. पण धाकटीने उचललेला तुकडा तिच्या हातात गेल्या गेल्या मोठा दिसायला लागायचा. त्याला काय औषध?

त्यात थोरलीला शाळेत असताना कावीळ झाली. वर्ष बुडालं आणि मागून येणारी धाकटी तिच्याच वर्गात येऊन बसली. बसली ती बसली, वर पहिल्याच चाचणीत हिच्यापेक्षा जास्त मार्क मिळवून बसली. तेव्हापासून शिक्षक दोघींचे पेपर एकदमच हातात द्यायचे. "दोन्ही बहिणी हुशार हं," असं म्हणायचे आणि बघायचे मात्र धाकटीकडे. धाकटी हसायची, आणि ती हसली की समोरचाही हसायचा. थोरली हसली तर लोक विचारायचे, "काय गं, काही बोचतंय का?"

डॉक्टर व्हायचं हे थोरलीने त्या काविळीतच ठरवलं होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने सगळं ठरवलं होतं, गळ्यात स्टेथोस्कोप कसा टाकायचा इथपर्यंत. दोन वर्षांनी एकदा जेवताना धाकटी म्हणाली, "आई, मलापण डॉक्टर व्हायचंय." थोरलीला असा ठसका लागला की आईला उठून पाणी द्यावं लागलं. जगात काय धंद्यांची टंचाई पडली होती? इंजिनियर हो, वकील हो, सर्कशीत जा. पण नाही.

वडील कारखान्यातल्या अपघातात गेले होते. तेव्हा मिळालेली रक्कम आईने बँकेत ठेवली होती, आणि मुलींच्या शिक्षणाशिवाय तिला हात लावायचा नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं. आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. त्या पगारात घर चालायचं, कॉलेज चाललं नसतं. आणि तिथल्या नियमाने डॉक्टर व्हायचं तर आधी विज्ञानाची पदवी, मग मेडिकल, असा दुहेरी खर्च होता.

शाळेत कॉलेजबद्दल सल्ला द्यायला एक बाई बसायच्या. जिन्याखालची खोली, डुगडुगणारा पंखा आणि खुर्चीत मावून उरणाऱ्या बाई. थोरली त्यांच्याकडे एकटी गेली.

"मेडिकलवाले पदवीचे मार्क बघतात," बाई म्हणाल्या, "कॉलेजची कमान बघत नाहीत. इथलं बसडेपोमागचं कॉलेज घे. फी कमी, शिकवतात चांगलं. घरी राहा, मार्क मिळव आणि पैसा मेडिकलसाठी राखून ठेव. पदवीतच सगळं उडवलंस तर पुढे हात चोळत बसशील."

"आणि ते राजधानीतलं मोठं कॉलेज?"

"पहिल्या वर्षी फी माफ करतात. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण घेतात. वसतिगृह, मेस, पुस्तकं वेगळी. मुलं माफी ऐकून जातात आणि मग अर्धवट सोडून येतात. खूप बघितली मी अशी."

थोरली पायऱ्या चढून वर आली तेव्हा तिचा निर्णय झाला होता. बसडेपोमागचं कॉलेज. मग एकदम लक्षात आलं की बाई धाकटीलाही हेच सांगणार. म्हणजे पुन्हा तोच बाक, पुन्हा दोघींचे पेपर एकदम, पुन्हा "दोन्ही बहिणी हुशार हं". आणि शेवटी मेडिकलच्या यादीत एकच नाव लागलं, तर ते कुणाचं असेल हे तिला न सांगताच दिसत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघींना दोन्ही कॉलेजांत प्रवेश मिळाला. रविवारी दुपारी आईने टेबल पुसलं आणि म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. बँकेतले पैसे निम्मेनिम्मे. बाकी आपल्या पद्धतीने करा. थोरले, तू काप."

थोरलीने रात्रंदिवस मनात जे कापून ठेवलं होतं ते टेबलावर मांडलं. एक वाटा राजधानीतल्या कॉलेजचा. मोठं नाव, मोठी प्रयोगशाळा, फी माफ. त्यात तिने नवी सूटकेस घातली, दोघींचा मिळून असलेला अभ्यासाचा दिवाही घातला. दुसरा वाटा बसडेपोमागच्या कॉलेजचा. त्यात घरचं सगळं काम आलं, आईला उशीर झाला तर स्वयंपाक आला, दोन बस बदलणं आलं. फी माफ किती वर्षं, हे ती बोलली नाही. खोटं म्हणावं असं एक अक्षरही तोंडातून गेलं नव्हतं, त्यामुळे स्वतःवर बऱ्यापैकी खूश होती.

"दोघी इथेच शिकलात तर?" आईने विचारलं.

"एका वर्गात आता पुरे झालं, आई," थोरली म्हणाली, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

धाकटी वाट्यांकडे बघतच नव्हती, थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मला राजधानीतलं."

झालं! जिंकली की थोरली. आता नाचायला हवं होतं. पण धाकटीच्या तोंडून "राजधानीतलं" हा शब्द निघाला मात्र, आणि थोरलीला ते कॉलेज हवंहवंसं वाटायला लागलं. पुढचे दिवस तर विचारू नका. शेजारची शिंपीण आली आणि धाकटीच्या मापाचा कोट फुकट शिवून देते म्हणाली. धुलाईखात्यातल्या बायकांनी वर्गणी काढून बूट घेतले. घरमालक, जो एरवी नळ गळतोय म्हटलं की बहिरा व्हायचा, तो स्वतः जिना चढून अभिनंदन करायला आला. "आणि तू काय करणार?" असं त्याने थोरलीला जाता जाता विचारलं. "इथेच," ती म्हणाली. "हो का, छान, छान," असं म्हणत तो बुटांकडे वळला.

थोरलीला ते बूट डोळ्यांसमोर नको झाले होते. तिने दोनदा ते कपाटाखाली सरकवले. दोन्ही वेळा धाकटीने वाकून काढले आणि जागेवर ठेवले. एक वर्ष, थोरली मनाला समजवायची, एकच वर्ष, मग बघू ही कशी हसते ते. असला विचार आला की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की धाकटीचा आणखी राग यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी सूटकेस भरत होती. थोरली दाराला टेकून उभी होती. मदत करायला आले असं ती सांगत होती, पण हात बांधलेले होते.

"घे, दिवा विसरू नकोस," ती म्हणाली. "नाहीतरी लहानपणापासून तू मोठाच वाटा उचलतेस."

धाकटी हसली. मग थांबली आणि मोज्यांचा गोळा हातात तसाच धरून म्हणाली, "ताई, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तुला जो हवा असतो ना, तो तू जरासा लहान कापतेस. मी दुसरा घ्यावा म्हणून. टरबुजाचं तसंच, केकचं तसंच. खिडकीकडचा कप्पा तुला हवा होता, तर त्यात तू मुद्दाम जुनी रद्दी भरून ठेवली होतीस."

"काहीतरीच बोलू नकोस."

"अगं, मला पाच वर्षांची असल्यापासून कळतं ते. मी तो तुझ्यासाठी सोडते."

थोरलीला ती रद्दी आठवली. पण सवय वाईट, तोंडातून निघालं ते वेगळंच. "मग एवढी शहाणी आहेस तर हे कॉलेज कशाला उचललंस? दुसऱ्या वर्षी तिथे—"

"पूर्ण फी. माहीत आहे. मीपण गेले होते बाईंकडे." धाकटीने मोजे कोपऱ्यात नीट खोचले. "एक वर्ष राहीन, राजधानी बघीन. मग परत येऊन आईच्या धुलाईखात्यात लागेन. घरात एक डॉक्टर झाली की झालं. डॉक्टर व्हायचं आधी तूच म्हणाली होतीस, ताई. मी तुझं ऐकून म्हणाले."

आता इथे कुठल्याही चांगल्या बहिणीने गळ्यात पडून रडायचं असतं. थोरली रडली नाही. तिला इतका हेवा वाटला, इतका, की कानशिलं तापली. मार्क हिचे, हसू हिचं, बूट हिचे, आणि आता चांगुलपणाही हिनेच आधी उचलला. हिने सोडून दिलेल्या डॉक्टरकीवर जन्मभर जगायचं? प्रत्येक पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना हिची मेहेरबानी ऐकू येणार?

"सूटकेस रिकामी कर," ती म्हणाली.

"का?"

"कर म्हणते ना!"

आई बाहेरच्या खोलीत चपात्यांची कणीक मळत होती. थोरली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आई, ती कुठे जात नाही. तिथे फी फक्त पहिल्या वर्षी माफ आहे. पुढे तिचे निम्मे पैसे दीड वर्षसुद्धा पुरणार नाहीत, आणि मेडिकलला काहीच राहणार नाही. मला माहीत होतं."

आईचे हात परातीतच थांबले. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मला तिच्याबरोबर एका वर्गात बसायचं नव्हतं. तिला जास्त मार्क मिळतात. मला ते सहन होत नाही."

एवढं बोलून झाल्यावर तिला वाटलं आई आता कानाखाली देईल. द्यावी, असंही वाटलं. आईने नुसते कणकेचे हात झटकले आणि म्हणाली, "ते बूट परत करता येणार नाहीत. बायकांनी पैसे काढलेत. इथल्या कॉलेजला बसने जाताना घालील ती."

दुसऱ्या दिवशी दोघी बसडेपोमागच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "बहिणी का? दोन तुकड्या आहेत. मेडिकलला जाणाऱ्यांसाठी पहिली बरी, तिथले शिक्षक जुने आहेत. दोघींना एकाच तुकडीत टाकू की वेगवेगळ्या?"

धाकटीने ताबडतोब तोंड उघडलं. "मी दुसऱ्या—"

"गप्प बस," थोरली म्हणाली. "दोघींना पहिलीत टाका."

कारकून लिहायला लागला. थोरलीने धाकटीचं मनगट धरून तिला खिडकीपासून दोन पावलं बाजूला ओढलं. "ऐक. आजपासून माझ्यासाठी काही सोडायचं नाही. पेपरात येत असलेला एक जरी प्रश्न तू माझ्यासाठी कोरा ठेवलास ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"आणि मला जास्त मार्क मिळाले तर?"

"मिळव."

"तू जळशील, ताई."

"जळेन," थोरली म्हणाली. "ते माझं मी बघेन. तू त्यात पडू नकोस."