सव्वा किलोची रजई

"माजींच्या रजईत सव्वा किलोच कापूस घाला," घरची सून कुसुमलता म्हणाली. "जास्त वजन त्यांना पेलवत नाही."

सुगंधाबाईची सुई थांबली. धुळ्यातल्या या घरच्या रजया ती सतरा वर्षं भरत होती. शेर जाऊन किलो आले तरी तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. कार्तिकात सव्वा किलो पुष्कळ झाला, पौषात मात्र अडीच-तीन हवाच, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याहून चार मुठी जास्त. कोण भिंतीकडे निजतं, कुणाचे पाय गार पडतात, हे सगळं तिला पाठ होतं. पण या घरात आता तिला कुणी विचारत नसे, नुसतं सांगत.

"भाभी, सव्वा किलो दिवायीले ठीक शे. पूस महिनामा ती काय कामनी?"

"सांगितलं तेवढं करा. आणि ह्यांच्या रजईत तीन किलो. ह्यांना पहाटे दुकान उघडायला जावं लागतं."

हे म्हणजे मदनलाल, तिचा नवरा. दुकान नोकर उघडायचा हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

दुपारी कुसुमलता शेजारी गेली, तशा मदनलालच्या आई, धनकुंवर माजी, भिंत धरत धरत बाहेर आल्या. कमरेला चाव्या होत्या तेव्हा या बाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आता तो उंबऱ्यापलीकडे पोचत नव्हता.

"सुगंधा, मागच्या थंडीत मी रात्र रात्र बसून काढली गं. थोडा जास्त घाल. पण तिला कळू देऊ नकोस."

"घालस, माजी. तुम्ही जाईसन निजा."

सुगंधाबाईच्या बाळंतपणात याच बाईने घरचं तूप धाडलं होतं. मदनलालच्या रजईसाठी मोजून ठेवलेल्या ढिगातून तिने अर्धा किलो कापूस उचलला आणि माजींच्या खोळीत भरला. वर टाके बोटभर अंतराने घातले, म्हणजे कापूस दबतो आणि रजई पातळ दिसते. मागे कुणाच्या वाट्याचा कापूस असा कधी उचललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. आजवर या घराने भरलेली रजई कधी जोखली नव्हती. यंदा कुसुमलताने दुकानातली तागडी मागवून घेतली होती. मदनलालने आपली रजई चढवली, खोळीचं वजन वजा केलं. अडीच किलो.

"अर्धा किलो कुठे गेला?" कुसुमलताने विचारलं.

"पिंजताना तूट येते थोडी," मदनलाल पुटपुटला.

"पिंजल्यावरच मोजून दिला होता मी."

माजी आतल्या खोलीच्या दारात नवी रजई पायांवर घेऊन बसल्या होत्या. सुगंधाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा एक शब्द पुरला असता.

"कापूस तिच्याच हाती होता," माजी म्हणाल्या. "मी तर आत पडून होते."

माजींची रजई तागडीत टाका, एवढंच सुगंधाबाईला म्हणायचं होतं. ते अगदी ओठांवर आलं. पण मग टाके उसवले असते, कापूस निघाला असता आणि म्हातारीने पुन्हा रात्री बसून काढल्या असत्या. माजींनी रजईची कड दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि त्या मान वर करत नव्हत्या. असल्या बाईसाठी आपण चोर व्हायचं? तिला स्वतःचाच राग आला, कारण ती गप्पच राहिली.

"मन्ही पिशवी दखी ल्या, भाभी," म्हणत तिने पिशवी उलटी केली. सुई, दोऱ्याचं रीळ आणि भाकरीचं फडकं एवढंच पडलं.

"कालच पोचवला असेल कापूस. यापुढे येऊ नका."

तिचा उरलेला हंगाम याच गल्लीतल्या चार घरांवर होता. दिवेलागणीच्या आत ती चारही घरं दारं लावून घेणार, हे तिने ओळखलं. सामान गोळा करून तिने चपला पायांत घातल्या.

"थांबा. अंगावरचा कापूस झटकून जा."

दिवसभराच्या कामाने तिचे केस, भुवया, लुगडं सगळं पांढरं झालं होतं. ती ओट्यावर उभी राहिली. येणारे-जाणारे थबकून बघत होते. तिने पदर झटकला, निऱ्या झटकल्या, केसांतून हात फिरवला. कुसुमलताने खाली वाकून तो कापूस वेचला, मुठीत आवळला आणि ती आत गेली.