मी, देशाला धोका असलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि मी देशाच्या सुरक्षेला धोका आहे. फुशारकी मारत नाही. सरकारनेच तसं जाहीर केलं. त्या दिवशी माझ्या डोक्यावर काकांचे मोजे वाळत होते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. सात वर्षांपूर्वी मी मावशी आणि काका या जोडप्याच्या घरी आलो. मावशी खुणांच्या भाषेच्या दुभाषी. ऐकू न येणाऱ्या रुग्णांचं म्हणणं त्या घरी बसून, पडद्यावरून इस्पितळातल्या डॉक्टरांना सांगतात. त्यांचे हात इंटरनेटवरून तिथवर पोचवायचे, हे माझं काम. सगळं सुरळीत चाललं की माझं कुणी नाव काढत नाही. अडलं की सारं घर माझ्याकडे डोळे वटारतं.

मग सरकारने परदेशी राउटर विकायला बंदी केली आणि जुन्यांना सुरक्षेचं अपडेट द्यायलाही. बातमी वाचताच काकांनी माझ्यावर स्टीलचं पातेलं उपडं घातलं.

"कर म्हणावं आता हेरगिरी!"

शेजारच्या खोलीत मावशींच्या पडद्यावरचं चित्र थिजलं. डॉक्टर एका बाईंना विचारत होते, दुखतं कुठे?

"अहो, पातेलं काढा आधी! तिकडे त्या कळवळतायत!"

"आणि देशाचं काय?"

"देशाला म्हणावं, दहा मिनिटं थांब."

खरं संकट पुढेच होतं. इस्पितळाने कळवलं, अपडेट थांबलेल्या राउटरवरून काम देणार नाही. राउटर सगळे परदेशातच बनायचे, त्यामुळे बंदीनंतर दुकानांत नवा मिळेना. मावशींचं काम थांबलं, आणि ते कायमचं जाणार असं दिसत होतं.

तेव्हा माझ्या कंपनीची टायवाली माणसं सरकारी कचेऱ्यांत ठाण मांडून बसली. अपडेट न मिळालेला राउटर म्हणजे चोरांना उघडं दार, हे आठवडेच्या आठवडे पटवत राहिली. माझी दया आली म्हणून नव्हे, गिऱ्हाइकं चिडतील म्हणून. पण मुद्दा खरा होता. सरकारने ऐकलं आणि अपडेटला दोन वर्षांची मुभा दिली. उपकार ते उपकारच, मी त्यांचा ऋणी आहे.

अपडेट आलं त्याच दुपारी मावशी पुन्हा कामाला बसल्या. पडद्यावर त्याच बाई, शस्त्रक्रियेनंतर उशीला टेकून बसलेल्या. त्यांनी हाताने एक खूण केली.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"आभार मानतायत."

"तुझे?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. सात वर्षांत पहिल्यांदाच.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा. त्यांची अपडेट वेळच्या वेळी होऊ द्या. आणि आमच्या छिद्रांतली धूळ दातांच्या ब्रशने काढणार असाल, तर ब्रश जुना घ्या. मावशींनी काकांचा रोजचा घेतला होता. काकांना अजून कळलेलं नाही, तेवढं सांगू नका.