फरांशाची जागा

नसती उठाठेव करायची आमच्या ह्यांना भारी हौस. २००३ साली ती फ्रेंच बाई राजापुरात दिसली, तर सरळ गावात घरी जेवायलाच घेऊन आले.

बाईचं गाव एवढंसं. तीसेक घरं, एक चर्च, बाकी गव्हाची शेतं. ती त्या गावाचा इतिहास लिहीत होती. तिथला एक माणूस फार पूर्वी राजापूरच्या फ्रेंच वखारीत नोकरीला आला, तो परतलाच नाही. चर्चमध्ये अजून दर वर्षी त्याचं नाव पुकारतात आणि जरा थांबतात, म्हणाली. माझ्या अंगावर काटाच आला. आमच्या खाडीच्या उताराला दगडाचा जो राखणदार आहे ना, त्याला सगळा गाव फरांशी, म्हणजे फ्रेंच, म्हणतो. वर्षाला त्याला नारळ आणि पाव देतात.

बाईला त्या जागेची मूठभर माती हवी होती. देवाला विचारल्याशिवाय कशी देणार? लवू गुरवाने दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही हलेना. तेव्हा ह्यांनी हात जोडले आणि पाहुण्याला निरोप देताना म्हणतात तसं म्हणाले, "निर्धास्त जा. इथलं बघायला मी आहे."

उजवी पाकळी पडली. लवूचा चेहरा उतरला. मेल्याने आधी सांगायला नको, की राखणदाराला असलं काही बोलायचं नसतं?

बाई माती घेऊन गेली. पुढे तिचा फोन आला. नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी ओ दिली म्हणे.

इकडे हे रोज खाडीकडे जायला लागले. श्रावणात एका सकाळी उतारावर नुसत्या वहाणा सापडल्या. खाडी पालथी घातली, काही मिळालं नाही. पण तिन्हीसांजेला तिथून जाणाऱ्याला कोणीतरी विचारतं, "जेवलात का?" आवाज ह्यांचाच.

मला माझा नवरा घरी हवा होता. मी पुन्हा कौल लावायला लावला. लवू म्हणाला, "वैनी, जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी बोलायला हवं." सगळा गाव जमिनीकडे बघत राहिला. मीच बोलणार, तेवढ्यात आमच्या मनस्विनीने हात जोडले. "बाबा, तुम्ही घरी या. इथलं बघायला..."

मी लेकीचं तोंड दाबलं आणि तिला ओढत घरी आणलं.

परवा मी एकटीच उतारावर गेले. ह्यांनी विचारलं, "मनू कुठे आहे?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. म्हटलं, ती आता ह्या गावात राहत नाही.