पडताळणीचा फोन

या कुलूपवाल्याकडून जादा किल्ली करून घ्यायची म्हणजे आधी उलटतपासणीला उभं राहायचं. घर कुणाचं, किल्ली कुणाची, घरातल्यांना माहीत आहे का? गिऱ्हाईक वैतागून निघून जायचं, पण हा बधायचा नाही. असा माणूस मुलीच्या व्हिसाच्या भानगडीत गप्प बसेल होय!

मुलगी चिंगी. दुकानामागच्या खोलीत बसून ती कॉम्प्युटरवर कापडाच्या छपाईची नक्षी काढायची. गिऱ्हाइकं सगळी परदेशातली. आता एका देशाने म्हणे नवीन सोय काढली होती: स्वतःचा धंदा असेल तर आमच्याकडे येऊन राहा, काम तुमचं तुम्ही करा. चिंगीने एका एजंटाला धरून अर्ज ठोकून दिला. पत्ता दुकानाचा, फोनही दुकानाचाच.

"नोकरी देत नाहीत, काही नाही, नुसतं या म्हणतात? कुठेतरी पाणी मुरतंय."

"बाबा, तुम्हाला सगळीकडेच मुरताना दिसतं."

"तुझी आई असती तर..."

"आई असती तर तिने माझी बॅग भरून दिली असती!"

बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. त्यात ही पण गेली की मग... पुढचा विचार तो करायचाच नाही. कानस घेऊन किल्ली घासत बसायचा.

एके सकाळी चिंगी झेरॉक्स काढायला गेली होती आणि दुकानातला फोन वाजला. पलीकडचा माणूस अगदी गोडबोल्या. व्हिसा विभागातून बोलतोय म्हणाला, अर्जाचा नंबर सांगितला. मग विचारलं, या बाईंचा तिथे स्वतःचा व्यवसाय आहे ना?

हं, आला भामटा! असं स्वतःलाच बजावत कुलूपवाल्याने आवाज चढवला. "कसला व्यवसाय? इथे फक्त कुलपं दुरुस्त होतात. मुलगी घरात बसून असते."

आता हा ओटीपी मागणार. मागू दे, मागायलाच हवा! पण त्या माणसाने काहीच मागितलं नाही. धन्यवाद म्हणाला आणि फोन ठेवला. कुलूपवाल्याने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पुन्हा कानस उचलली. चिंगी परत आल्यावर त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

दुपारी तिला मेल आला. दिलेल्या पत्त्यावर तुमचा व्यवसाय आढळला नाही, ताबडतोब खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळू. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुणीतरी डाव साधलाय, बाबा. तो एजंट? की झेरॉक्सवाली? माझ्या कागदांत फार डोकावत असते ती."

"एजंटच असणार! मला पहिल्यापासूनच..." म्हणता म्हणता तो अडखळला. संशय त्याने जन्मभर घेतला होता, पण माणूस निर्दोष आहे हे ठाऊक असताना त्याच्यावर आळ घ्यायची ही पहिलीच वेळ. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

चिंगी त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, इथे फोन आला होता का?"

"आला होता."

"काय सांगितलंत?"

त्याने सांगितलं.

"भामटा वाटला का तुम्हाला तो?"

हो म्हणून सुटता आलं असतं. त्याला सगळेच भामटे वाटतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"नाही गं," तो म्हणाला. "अर्जाचा नंबर सांगितला तेव्हाच कळलं होतं मला."

मग तिने मेलमधला नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. "बोला."

"सकाळी मी खोटं बोललो, साहेब," तो म्हणाला. "धंदा तिचा स्वतःचा आहे. आमचं घर त्याच धंद्यावर चालतं, माझ्या कुलपांवर नाही."

मग खोटं का बोललात, अशी पलीकडून विचारणा झाली.

चिंगी समोरच उभी होती.

"एकटं राहायची भीती वाटते मला," तो म्हणाला. "पण त्यापायी तिचा अर्ज अडवू नका."